समुद्राकडे निघालेली मोटार

शहाद्यात आमच्या शेजारी कापसाच्या जिनमधले एक फिटर राहत. भंगारातली मोटार त्यांनी स्वतः दुरुस्त करून चालती केली होती. रस्त्यात कुणी पायी चालताना दिसलं की ते हमखास थांबत आणि म्हणत, "कोठे जाई ऱ्हायनात? बठा, मोटार खाली शे." ती कधीच रिकामी नसे.

दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोल मोजून मिळे. त्यांनी महिनोन्महिने थोडं थोडं साठवलं आणि एका उन्हाळ्यात मला व माझ्या पत्नीला तंबूसह सहलीला बाहेर काढलं. बेत असा होता: आधी सातपुड्याचे डोंगर, मग मोहाची दारू गाळणारी गावं आणि शेवटी सुरतेपलीकडचा समुद्र. समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता.

वाटेत खापर गावाजवळ आम्ही तंबू ठोकत होतो, तेवढ्यात चौघेजण एका अडलेल्या बाईला झोळीत घालून घेऊन आले. फिटरांनी आम्हाला विचारलंसुद्धा नाही. सामान भराभर खाली उतरवलं, तिला मागे निजवलं आणि ते नंदुरबारच्या दवाखान्याकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. "पोर व्हयनी. दोन्ही बऱ्या शेतस," म्हणाले. पेट्रोल आता घरी पोचण्यापुरतंच उरलं होतं. माझी पत्नी हळहळली, तेव्हा हसून म्हणाले, "समुद्र कोठे पळी जाई ऱ्हायना, वहिनी?"

तंबू गुंडाळताना मात्र त्यांनी मला हळूच विचारलं, "तुम्हीन तर देखेल शे ना. सांगा, कसा ऱ्हास?"

शहाद्यापर्यंत मी सांगत राहिलो. मी थांबलो की ते म्हणत, "मंग?"