गुलाबी पत्रक आणि आठवीचा वर्ग

अमेरिकेच्या स्वातंत्र्याशी माझा संबंध वीस गुणांचा होता.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, उधन्याकडे, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते आणि बाहेरून एम.ए. करत होते. नोकरी आणि घर सांभाळून पाठ करता येईल असा विषय म्हणून इतिहास घेतला. त्यात अमेरिकेचा एक पेपर होता आणि त्या पेपरात बहुतेक दरवर्षी येणारा एक प्रश्न: राज्यक्रांतीपूर्व काळातील पत्रके व धर्मप्रवचने यांचे कार्य स्पष्ट करा.

उत्तर रूक्ष असेल असं वाटलं होतं, पण तसं नव्हतं. त्या वसाहतींतले लोक पातळ, बिनपुठ्ठ्याची, स्वस्त पत्रकं काढत. लिहिणारा बरेचदा आपलं नाव घालत नसे. घातलंच तर एखादं जुनं रोमन नाव घेई. एकच प्रत कितीतरी हातांत फिरे. दारूच्या गुत्त्यात एकजण मोठ्याने वाची आणि बाकीचे पेला हातात धरून ऐकत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी चर्चमध्ये पाद्री होताच. तो बायबलातलं एक वचन घ्यायचा, त्याचा अर्थ फोडून सांगायचा आणि शेवटी, या अर्थाचा आज आपल्याला उपयोग काय, तिथे यायचा. मग राजा, कर, जुलूम सगळं निघायचं. काही पाद्री राजाच्या बाजूनेही बोलत. देव त्यांनाही तेवढ्याच खात्रीने सांगत असे. स्वातंत्र्यावर लिहिणाऱ्या काहींच्या घरी गुलाम राबत होते आणि बायकांना कोणी काही विचारलं नव्हतं, हे मी समासात लिहून ठेवलं. तरी मला ती माणसं आवडली. समुद्रापलीकडच्या राजाशी कागद घेऊन भांडायचं, हे सोपं नाही.

आमची शाळा सातवीपर्यंत. पुढे मुलगे लूमच्या कारखान्यात लागत किंवा गुजराती शाळेत जाऊन धडपडत. मुली घरी बसून साड्यांवर टिकल्या लावत. त्या वर्षी रुळांपलीकडच्या एका हायस्कुलाने कळवलं, की मुलींसाठी सकाळचा मराठी आठवीचा वर्ग काढू, पण सुट्टी लागायच्या आत वर्ग भरेल इतकी नावं आली पाहिजेत. नाहीतर विसरा.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. अभ्यासात मधली, हट्टात पहिली. वडील लूमवर, आई टिकल्यांच्या कामाला, मूळ घर धुळ्याकडे. आईने ठरवून टाकलं होतं, की सातवी झाली की मुलीला गावी आत्याकडे पाठवायचं आणि आत्याने स्थळ बघायचं.

मुलगी मला म्हणाली, "वर्ग निघाला तर मी नाही जात गावाला. बाई, तुम्ही वर्ग काढा."

जणू तो माझ्या पर्समध्ये होता.

मी तिच्या आईला भेटले. तिने मान वर न करता टिकली चिकटवली आणि विचारलं, "पोर शिकीसन काय करी, बाई?" आमच्या गल्लीतला अर्धा खानदेश हाच प्रश्न विचारत होता. एकेका घरी जाऊन उत्तर द्यायला मला वेळ नव्हता. म्हणून मी पत्रक लिहिलं.

चांगलं लिहिलं होतं. वर्ग कुठे, वेळ कोणती, घरी परत किती वाजता, दुपारी कामाला मुलगी मोकळी, नाव मुलीच्या वर्गात येऊन द्यायचं. मोठे शब्द एकही नाहीत. हेडमास्तर म्हणाले, "छापा, पण शाळेचं नाव नको, माझं नको आणि तुमचंही नको. वरून विचारणा होते." मला वाईट वाटलं नाही. अमेरिकेतही नाव नसायचंच. प्रती थोड्याच काढणार होते, म्हणून तळाला ओळ घातली: 'वाचून झाल्यावर पाच घरी द्या.'

छापणारे काका रुळांखालच्या बोगद्यापाशी, गरनाळ्याजवळ बसत. त्यांचा धंदा लग्नपत्रिकांचा. कुठल्याशा लग्नाचा गुलाबी कागद उरला होता, तो त्यांनी स्वस्तात लावला. प्रती घ्यायला गेले तर माथ्यावर गणपती छापलेला.

"हा कोणी सांगितला?"

"बेन, उपर भगवान तो जोईए ने! भगवान वगर कागळ शुकनियाळ केम थाय?"

देवाशिवाय कागद शुभ कसा व्हायचा, असं त्यांचं म्हणणं. छापून झालं होतं. मी वाटून टाकलं.

आठवडा गेला. नाव द्यायला एकही बाई आली नाही. आली ती ती मुलगी, बोटं शाईने निळी करून. "बाई, कोरे कागद आहेत? आईने पत्रक पाच वेळा लिहायला सांगितलंय. आमच्या गल्लीत सगळ्याच मुली लिहितायत."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा घरोघर एक पत्रक फिरायचं. अमक्या गावी देव प्रकटला, हे वाचून इतक्यांना द्या, दिलं त्याला लॉटरी लागली, फाडलं त्याची म्हैस मेली. माथ्यावर देव, खाली 'पाच घरी द्या', पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. माझं पत्रक सगळ्या बाजूंनी तसंच होतं. बायकांना वाचता येत नव्हतं, पुरुष पाळीवरून येऊन झोपत होते, आणि मुलींना फक्त लिहायला बसवलं होतं.

नवरा जेवता जेवता हसत सुटला. "तुझी अमेरिका देवघरात गेली."

गेलीच होती. मुलीच्या घरी जाऊन पाहिलं, तर गुलाबी कागदावर हळदकुंकू. मी तो उचलायला हात पुढे केला तशी तिची आई ओरडली, "बाई, फाडू नका! देवनं पत्रक शे!"

"देवाचं नाही, ताई. मी लिहिलंय."

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. मास्तरीण आता देवाचंही श्रेय घेते, असं तिला वाटलं असावं. मुलगी कोपऱ्यातून म्हणाली, "आई, त्यात आठवीचं लिहिलंय. मी सांगत होते ना?"

"तू गप. तू तं तेच सांगशी."

तिचंही चूक नव्हतं. ज्याला हवं आहे त्याच्या वाचनावर कोण विश्वास ठेवतो?

मग मला वीस गुणांच्या उत्तराचा दुसरा भाग आठवला. मैदानात हरिनाम सप्ताह चालू होता आणि खानदेशातून एक महाराज आले होते. दुपारी त्यांचं जेवण झाल्यावर मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी उशाशी ठेवलेल्या पोथीतून तीन गुलाबी कागद काढले.

"तीन घरांनी दिलंय मला. तुमचं होय हे?"

"हो. हे देवाचं नाही, एवढं काल्याच्या कीर्तनात सांगा."

"सांगतो. मग लोक चुलीत घालतील. चालेल?"

चालणार नव्हतं. मग त्यांना पाद्र्यांची गोष्ट सांगितली. वचन, अर्थ, शेवटी उपयोग. ते मन लावून ऐकत होते.

"त्यांच्यात टाळ नसतील," ते म्हणाले. "बाकी आमचंच आहे. ती लिहिणारी पोर येईल का?"

शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन झालं. मंडप भरलेला, कारखान्यांना सुट्टी. महाराजांनी अभंग घेतला, अर्थ सांगितला, मग एकदम विचारलं, "गुलाबी कागद किती जणांकडे आलाय?" हात वर झाले. "वाचलाय किती जणांनी?" हात खाली. "वा रे भक्त! देवाचं पाकीट पूजताय, उघडत नाही!"

बायका पदराआड हसल्या. महाराजांनी मुलीला उभं केलं. तिने हाताने लिहिलेली पाचवी प्रत वाचली. वाचली कसली, पाठच झाली होती. वर्ग कुठे, वेळ कोणती, दुपारी मुलगी मोकळी.

"पाच घरी कागद दिला, ते टपालाचं काम झालं," महाराज म्हणाले. "लिहिलंय ते कराल तर पुण्य. माउली, आपापल्या पोरीकडे बघा आणि मग प्रसादाला या."

हे देवाचं नाही, असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. मला ते खुपलं. मी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या दारात बायका उभ्या होत्या. नावं पुरली, वर्ग निघाला. मुलीची आई सगळ्यात शेवटी आली. तिने मला वेळ पुन्हा विचारली, रूळ कोण ओलांडून देणार ते विचारलं, आत्याला काय कळवायचं तेही विचारलं. माझ्या उत्तरांनी समाधान झाल्यावर म्हणाली, "लिखा नाव."

मी नाव लिहिलं आणि म्हटलं, "आता तरी तो कागद देवघरातून काढा, ताई."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पोर आठवी पास व्हऊ द्या. मंग काढसूत."