कोऱ्या पाण्यातलं कथील

माझी नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, बंदराजवळच्या प्रयोगशाळेत काम करतात. बोटींच्या बुडाला शिंपले चिकटू नयेत म्हणून पूर्वी रंगात कथिलाची विषारी संयुगं घालत. ती अजून तळाच्या गाळात किती उरलीत, हे त्या मोजतात. मी एकदा विचारलं, "वन्सं, कल्हईला लागतं तेच का हो हे कथील?"

"तेच. पण याला कार्बनच्या शेपट्या फुटल्यात, म्हणून वाईट."

रेणू वजनावरून ओळखणारं एक यंत्र आहे त्यांच्याकडे. गाळाचा अर्क काढताना आम्ल किती घालायचं, बाटली किती मिनिटं हलवायची, हे त्या दोन वर्षं बसवत होत्या. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घरातही तेच. आमच्या यांनी तापात दोन गोळ्या बरोबर घेतल्या, तर "आता कुठल्या गोळीनं बरा झालास ते कसं कळायचं?" म्हणून आपल्या या धाकट्या भावाला झापलं होतं.

गेल्या महिन्यात मात्र त्यांचा चेहरा उतरला. नुसत्या शुद्ध पाण्यातही यंत्र कथील दाखवायला लागलं. सोमवारी बाहेरचे परीक्षक यायचे होते. पद्धत नापास झाली की यंत्र दुसऱ्या प्रयोगशाळेत जाणार आणि दोन वर्षं वाया.

"बाटली जास्त वेळ हलवायला लागले तेव्हापासून बिघडलंय," त्या म्हणायच्या. वेळ पुन्हा कमी केला, तरी कथील हटेना. मग भांडी धुण्याच्या मागे लागल्या. विसळून विसळून बोटांची सालं निघाली. मी रोज दिवा लावताना त्यांच्यासाठी हात जोडायचे. दुसरं मला काय येतं?

शनिवारी सकाळी चहाचा घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं. "वहिनी, काय बदललंत?"

"पूड नवी आहे. आणि दूधही."

"दोन्ही एकदम? मग दोष द्यायचा कुणाला?"

एवढं बोलल्या आणि कप हातातच राहिला. उठून पिशवीतली वही काढली, तारीख शोधली.

"हलवायचा वेळ वाढवला, त्याच दिवशी शुद्ध पाण्याच्या नळाला मी प्लॅस्टिकची नवी नळी लावली. भांडी नीट विसळता यावीत म्हणून. वहीत लिहिलंच नाही. धुण्यातला बदल मी बदल धरलाच नाही हो."

"नळीत काय असणार?"

"काही प्लॅस्टिक बनवताना करपू नये म्हणून त्यात हीच शेपटीवाली संयुगं घालतात. जितकं धूत होते, तितकं कथील चढवत होते मी."

"म्हणजे कल्हईच केलीत की."

त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. तशाच सुट्टीच्या दिवशी कामावर गेल्या, नळी काढली, सगळी भांडी पुन्हा विसळली. दुपारी फोन आला, "पाणी कोरं आहे." मी देवघराकडे बघून मान लववली.

सोमवारी परीक्षकांनी स्वतःच्या बाटल्या आणल्या होत्या. कुठलीत किती कथील, ते त्यांनाच ठाऊक. वन्संचे आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळले आणि त्यांनी सही केली.

"आणि नळी? फेकलीत ना?" मी संध्याकाळी विचारलं.

"छे. जपून ठेवलीय. यंत्र पेंगायला लागलं, कथील ओळखेनासं झालं की तिच्यातलं पाणी पाजणार त्याला."

मी चहा पुढे केला. पूड नवीच, दूध तेवढं नेहमीचं आणलं होतं. वन्संनी कप संपवला आणि म्हणाल्या, "पूड निर्दोष आहे, वहिनी."

उरलेलं नवं दूध मी विरजणाला लावलं.