सात्यांची जागा

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ही कीर्ती लग्नाआधीच सासरी पोचली होती. माहेर नागभीडचं, घर स्टेशनाला लागून. आल्यागेल्याशी बोलायची सवयच. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, सावलीजवळच्या खेड्यात मी सून होऊन आले, आणि सासूबाईंनी आठवड्यात ओळखलं की हिला काही सांगितलं म्हणजे गावात दवंडी पिटली.

आणि न सांगण्यासारखी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती. धानाचा रोवणा आटोपला की जंगलातल्या वारुळांवर सात्या फुटतात. पांढरी, कोवळी अळंबी ती. तिच्या रश्श्यापुढे मटण झक मारतं. गावातल्या प्रत्येक बाईचं आपलं एक वारूळ असायचं, आणि ते कुठं आहे हे ती नवऱ्यालाही सांगत नसे. लेकींना तर नाहीच, त्या परगावी जाणार. जागा सासूकडून सुनेकडे जायची. सासूबाई सकाळी एका वाटेनं जात, दुसऱ्या वाटेनं येत, टोपलीवर पळसाची पानं झाकलेली. मी विचारलं की म्हणत, "तू खाचं काम कर."

दोन पावसाळे मी खायचं काम केलं. सात्या गोडच लागायच्या हो, पण मी अजून या घरची झाले नाही, हे घासाघासाला टोचायचं.

तिसऱ्या पावसाळ्यात चुलतजावेनं विहिरीवर मला गाठलं आणि आमची जागा विचारली. मला ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली. मग काय, दिली ठोकून! आधी चांगला भाव खाल्ला, आणि मग हळूच तळ्यापलीकडच्या मोहाच्या जुन्या झाडाखालचं वारूळ सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती बिचारी तिथं गेली. मिळाल्या त्या लाल मुंग्या. अंग खाजवत थेट आमच्या अंगणात आली आणि तुमच्या सुनेनं मला मुद्दाम भलतीकडे धाडलं, म्हणून सासूबाईंना यथेच्छ सुनावून गेली. मी चुलीपाशी बसून ऐकत होते. म्हटलं, संपलं! आता जन्मभर जागा काही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सासूबाईंनी माझ्या हातात टोपली दिली आणि चल म्हणाल्या. नाल्यानाल्यानं, बांबूतून वळसे घेत आम्ही एका वारुळाशी आलो. सगळं पांढरंशुभ्र फुललं होतं.

"माह्या मांगं मांगं येऊन तू हे जागा पाह्यली असशीन, मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "पन तिनं इतकं खोदून विचारलं, तरी तू सांगतली नाई. आता हे तुह्यी."

ते वारूळ मी तेव्हाच पहिल्यांदा पाहत होते. तसं सांगायला मी तोंड उघडलंही. पण सासूबाईंचे डोळे भरून आले होते. मी तोंड मिटलं, आणि त्या देवाघरी जाईपर्यंत याबाबतीत पुन्हा उघडलं नाही.