नळीआधीचं थांबणं

निसारभाईंच्या घरून रेहानाभाभींचा फोन आला तेव्हा ओपीडी भरलेली होती. "मॅडम, साहेब गेले..." एवढंच त्या बोलल्या. छातीत दुखतंय म्हणून नांदेडला नेत होते, वाटेतच संपलं. मी उरलेल्या बायका तपासल्या आणि मग त्यांच्या घरी गेले. मी गेल्याची बातमी त्यांना कळली असती, तर निसारभाईंनीही हेच केलं असतं. याला आता काही आठवडे झाले.

डॉ. निसार आमच्या भागातले भूलतज्ज्ञ. हिंगोली, सेनगाव, औंढा, जिथून बोलावणं येईल तिथे स्वतः गाडी चालवत जायचे. माझ्या बाळंतपणाच्या दवाखान्यात तर वर्षानुवर्षं तेच. आमचं पटायचं, पण भांडून. मी घाईची. "मॅडम, तुमी हातात चाकू घेऊनच जन्मल्या का?" असं विचारायचे. "आणि तुम्ही झोपेत," मी म्हणायचे. पूर्ण भूल देताना पेशंटच्या श्वासनळीत नळी घालावी लागते. त्या क्षणाला ते भीत आणि ते लपवतही नसत. "झोपलेल्याचं तोंड गप असतं, मग नाडी बोंबलते. बीपी उसळतं. धडधाकट माणूस सोसून घेतो. ज्याचं आधीच चढलेलं, त्याच्या मेंदूतली शीर फुटती."

एकदा सेनगावकडची सविता जीपमधून आली, भरदुपारी. पहिलटकरीण, अंगभर सूज, डोळ्यांपुढे अंधारी, बीपीचा वरचा आकडा दोनशेच्या घरात. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं, तोवर पोटातल्या बाळाचे ठोके मंदावायला लागले. सिझर लगेच करायला हवं होतं. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट इतक्या कमी की पाठीत सुई टोचून कंबरेखालची भूल देता येईना. म्हणजे पूर्ण भूल, म्हणजे नळी. मी हात धुऊन, पोटावर कापड अंथरून उभी राहिले.

निसारभाईंनी बीपी उतरवणारं औषध शिरेतून सोडलं आणि ते मॉनिटरकडे बघत उभे राहिले.

"द्या ना भूल!"

"थांबा."

"निसारभाई, बाळ चाललंय!"

"दिसून राहिलं मला. आत्ता नळी घातली आन् शीर फुटली, तर ही पोरगी बोलणार न्हाई, नाहीतर उठणारच न्हाई. मग लेकरू कुणाच्या वटीत घालता?"

मी चिडले होते. माझंही चूक नव्हतं, त्यांचंही नव्हतं... म्हणूनच ते थांबणं भयंकर होतं. बाळाचे ठोके आणखी मंदावले. त्यांनी औषध पुन्हा दिलं. आकडा हलेना, मग हलला, मग हळूहळू उतरायला लागला. "आता," ते म्हणाले. भूल शिरेत गेली, नळीने येणारी बीपीची उसळी दाबणारं औषध गेलं, आणि एरवी जेवायलाही वेळ लावणाऱ्या त्या माणसाने पापणी लवायच्या आत नळी आत सरकवली. आकडा चढला. आम्ही सगळे तिकडेच बघत होतो. चढला, अडखळला, थांबला. "कापा."

मुलगी झाली. आधी रडली नाही, मग सिस्टरने पाठ चोळली तशी चिरकली. निसारभाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. नळी काढतानाही बीपी तसंच उसळतं, आणि ते काम अजून बाकी होतं.

नळी निघाली. सविताने डोळे उघडले. त्यांनी तिच्या दोन्ही हातांत आपली बोटं दिली. "दाबा बाई." तिने दोन्हीकडून दाबली. पण बोलेना. ते वाकून वाट बघत राहिले, मी टाके संपवून तशीच उभी. मग घोगऱ्या आवाजात ती कुरकुरली, "डाक्टर, घसा लई दुखून राहिला."

"दुखू द्या," निसारभाई म्हणाले आणि मघापासून पहिल्यांदा स्टुलावर टेकले. "नळीचं दुखणं हाय. बराबर दुखून राहिला."

आता नवीन भूलतज्ज्ञ येतात. चांगले आहेत, थांबतातही. पेशंट शुद्धीवर आली की लोक तिला मुलगा की मुलगी ते सांगायला धावतात. मी आधी विचारते, घसा दुखतो का? ती कपाळाला आठ्या घालून "व्हय" म्हणाली की मग मी हातमोजे काढते.