साहेबांची चतुर्थी

आमच्या नागपूरच्या ऑफिसात शुक्रवारी चहा आला की "रविवारी कुठं?" हा विषय निघतो आणि सोमवारी एक किस्सा जमा होतो. आता तर इतके साचलेत की कोणता सांगू अन् कोणता ठेवू!

*

आमचे साहेब ठिकाण निवडत नाहीत, बाथरूम निवडतात. वहिनींची अटच आहे, "रस्ता चांगला, दोन तासांत पोचलो पाहिजे आणि बाथरूम चकाचक!" मग त्याच्या आजूबाजूला जंगल निघो की तलाव. त्यालाच 'निसर्गाची ओढ' म्हणायचं!

*

भंडाऱ्याजवळच्या कोक्याच्या जंगलात वाघ दिसला नाही. आमचा घाटोळे गाइडवर तापला, "महिनाभर आधी बुकिंग केलं होतं!"

गाइड शांतपणे म्हणाला, "त्याले कोनी सांगतलं नसंन जी."

घाटोळेनं रिव्ह्यूत एकच स्टार दिला. वाघाला की गाइडला, देव जाणे.

*

भाताच्या रोवणीचे दिवस होते. वहिनी रीलसाठी थेट धानाच्या पऱ्ह्यात, कोवळ्या रोपांत उतरल्या. "काय सुंदर गवत!"

बांधावरची बाई ओरडली, "बाई, गवत नोहोय थे! आमचं सालभराचं पोट हाय!"

वहिनी "सॉरी" म्हणाल्या आणि तिथंच उभं राहून दुसरा टेक घेतला. मला संताप आला, पण गाडी साहेबांची होती.

*

कोक्यापासून आमचं गाव करडी जवळच. आई दर वेळी फोनवर विचारायची, "तुह्ये ऑफिसवाले इकडं येऊन राहिले, मंग घरी काहून नाई येत? एक डाव जेवू घालू दे ना मले त्यायले!"

मी साहेबांना सांगायचो. साहेब म्हणायचे, "तुझं गाव लांब पडतं रे." आणि जेवायला त्याहून लांबच्या साकोलीच्या धाब्यापर्यंत गाडी हाणायचे!

*

मागच्या हिवाळ्यात मात्र करडीजवळच टायर फुटला. स्टेपनीतही हवा नाही! दुरुस्तीवाला येईपर्यंत सगळ्यांना घरी नेलं.

आईला काय करू अन् काय नको असं झालं. तलावाची ताजी मासोळी, नव्या तांदळाचा भात, वडे. शेजारून ताटं मागवली. ती आनंदात होती, पण साहेबांची नजर समोरच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोवर थांबलेली मी पाहिली होती.

ताटं वाढून झाली. साहेब म्हणाले, "अरे, आज आमची चतुर्थी!"

वहिनींचीही चतुर्थी निघाली. सकाळी भंडाऱ्यात डबल आम्लेट हाणलेल्या घाटोळेलाही चतुर्थी आठवली!

आईनं ताटं आत नेली, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून केळीची फणी घेऊन आली. ती साहेबांपुढं ठेवली.

"उपासाले चालते ना जी? घ्या. सालटं तुमीच काढा."

केळी सगळ्यांनी खाल्ली.