न आलेल्या रेकॉर्डची तक्रार

नोकरीत मोठे गुन्हे पुष्कळ पाहिले. पण निवृत्तीनंतरही मनात घर करून राहिली ती एका रेकॉर्डची तक्रार.

तेव्हा मी नाशिकमधल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. चार-पाच जण लेखी तक्रार घेऊन आले. सगळे ग्रामोफोनच्या रेकॉर्ड जमवण्याचे शौकीन. शहरातल्या एका छोट्या कंपनीने जुन्या मराठी चित्रपटाचे पार्श्वसंगीत, म्हणजे गाणी नव्हे तर प्रसंगांमागे वाजणारे संगीत, रेकॉर्डवर काढायचे जाहीर करून आगाऊ पैसे घेतले होते. वर्ष उलटले तरी रेकॉर्डचा पत्ता नाही. मालक फोन उचलत नव्हता.

"सरळ फसवणूक आहे साहेब. गुन्हा दाखल करा," सगळ्यांचा एकच घोशा. मागे बसलेल्या एक बाई मात्र म्हणाल्या, "मला पैसे परत नकोत. त्यातलं क्लॅरिनेट माझ्या वडिलांनी वाजवलंय. पडद्यावर त्यांचं नाव कधी आलं नाही. आता त्यांना ऐकू येणं कमी होत चाललंय. थोडं ऐकू येतंय तोवर मिळायला हवं हो."

स्टेशन डायरीला नोंद घेऊन चौकशी सुरू केली. कंपनीच्या पत्त्यावर कुलूप होते. आमच्या हवालदाराने द्वारका चौकातल्या टेम्पोवाल्यांकडे विचारपूस केली. एक जण म्हणाला, "तो माल मीच उतरवला ना, अंबड एमआयडीसीत एका गाळ्यात. लय खोकी होती."

म्हणजे माल तयार होता! साठा दाबून चढ्या भावाने विकायचा डाव असणार, अशी आमची खात्रीच झाली.

गाळ्यावर मालक सापडला. पन्नाशीचा, दाढी वाढलेला. ठाण्यात आणून बसवला. थापा मारणारा माणूस भराभर उत्तरे देतो. हा मान खाली घालून गप्प. मी चहा मागवला आणि विचारले, "माल आहे, मग देत का नाही?"

त्याने कप बाजूला ठेवला. "बिघडलाय साहेब. दुसऱ्या बाजूला खरखर येते. या लोकांचे कान तयार असतात. असला माल कोणत्या तोंडाने देऊ?"

"मग तसं कळवायचं."

"रोज फोन हातात घ्यायचो. धीर व्हायचा नाही."

खरे-खोटे करायला दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाळ्यावर बोलावले. बाई वणीहून वडिलांना घेऊन आल्या. मालकाने निवडलेले नव्हे, मी दाखवले ते खोके फोडले, रेकॉर्ड लावली. दुसरी बाजू सुरू होताच संग्राहकांचे चेहरे वाकडे झाले. म्हातारबाबा स्पीकरला कान लावून बसले होते. क्लॅरिनेट आले तशी त्यांची बोटे गुडघ्यावर हलू लागली.

"खरखर हाय," ते म्हणाले, "पण फुंक माझीच हाय."

मग सगळ्यांत तावातावाने भांडणारा तक्रारदार मालकाकडे वळला. "अहो, एवढंच सांगितलं असतं तर थांबलो नसतो का आम्ही? नवीन काढा. आणि त्यावर बाबांचं नाव छापा."

बाईंनी तीच रेकॉर्ड घरी नेली. बाकीच्यांनी थांबायचे कबूल केले. जबाब घेऊन मी अर्ज निकाली काढला. काही महिन्यांनी नव्या रेकॉर्ड आल्या, नावासकट.

पुढे 'फोन उचलत नाही' अशी तक्रार आली की मी आधी दोघांना समोरासमोर बसवू लागलो. काही जण अट्टल ठग निघाले. पण बऱ्याच जणांना खरे बोलण्यासाठी कोणीतरी फक्त समोर बसवायला हवे होते.