पट्ट्यामागची प्लेट

थांबा, बाकी सगळं नंतर. आधी हे सांगून टाकतो, नाहीतर परत माझी हिंमत जाईल. माझे सासरे गेले त्याला आता सहा आठवडे झाले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या गेटवरच्या फोनवर निरोप आला, 'मामा गेले, उल्हासनगरला कॅम्प पाचला ये.' छातीत कळ आली आणि पाच मिनिटांत सगळं संपलं म्हणे. मी अंबरनाथहून तसाच निघालो, हाताला ऑइल तसंच. आणि खरं सांगतो, रिक्षात मला रडू आलं नाही. डोक्यात एकच घुमत होतं... सांगायचं राहिलं. आता कुणाला सांगणार?

मामा म्हणजे सासरेच, आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांची अर्धी हयात ग्राइंडिंगवर गेली. कारखाना बंद पडला तसे ते उल्हासनगरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुऱ्या बनवायला लागले. लोखंड कापायच्या करवतीची जुनी पाती आणायची आणि त्यातून सुरी काढायची. मशीनसुद्धा स्वतःच जोडलेली, मोटर भंगारातली. ज्या सिंधी दुकानदाराकडून ती घेतली त्याला मामांनी विचारलं होतं, "साईं, चलेगी ना?" तो म्हणाला होता, "चाचा, तुम बंद हो जाओगे, ये नहीं होगी." मामा ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि स्वतःच खोखो हसायचे. मोटर अजून चालते. साईं खरं बोलला.

ही मशीन कशी असते ते पटकन सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. दोन चाकांवर एमरीचा, म्हणजे पॉलिशपेपरसारखा खरखरीत, लांब पट्टा फिरतो आणि पट्ट्याच्या मागे एक उभी लोखंडी प्लेट असते. पातं पट्ट्यावर दाबायचं, मागून प्लेट टेकू देते, आणि पात्याची बाजू वरपासून धारेपर्यंत एकसारखी सपाट उतरत जाते. सोपं वाटतं ना? करून बघा. मामांचं पातं उजेडात तिरकं धरलं तर आरशासारखं, कुठे लाट नाही, कुठे खड्डा नाही. मच्छीवाल्या बायका यायच्या, सुरी अंगठ्यावर हलकी घासून बघायच्या आणि न बोलता पिशवीत टाकायच्या. दुसऱ्या कुणाची सुरी त्यांना चालायची नाही.

आणि मी? मी नवा जावई, आयटीआय करून टूलरूममध्ये चिकटलेलो, म्हणजे जगातली प्रत्येक मशीन मलाच कळते असं वाटणारं वय. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला गेलो तर ताट सोडून आधी शेडमध्ये घुसलो. सुजाता, माझी बायको, मागून ओरडतेय, "अहो, पुरी थंड होतेय!" मला काही ऐकू येत नव्हतं. दुसऱ्याच रविवारी मी बदलापूरहून एक टेकू बनवून नेला, स्क्रू फिरवून कोन पक्का करता येणारा, म्हणजे पातं हातात धरायचीच गरज नाही. मामा म्हणाले, "वा जावईबापू, वा! काय काम केलंय!" पुढच्या रविवारी बघतो तर त्यावर त्यांचा टॉवेल. म्हणतात, "मस्त वाळतो हो." सगळे हसले. मीपण हसलो, पण लागलं मला. लागलंच.

मग एकदा त्यांनी प्लेटवरचा कॅनव्हास बदलायला काढला. पट्टा गुळगुळीत सरकावा म्हणून ते प्लेटला कॅनव्हासचा तुकडा चिकटवायचे. खालची प्लेट बघून मी उडालोच. मधोमध चांगला खळगा पडलेला, बोट फिरवलं तर बोट आत जायचं.

"मामा, ही तर खचलीय!"

"खचू द्या. मीपण खचलोय. आमचं जमतं."

"सपाट काम खचलेल्या प्लेटवर कसं होईल? मी नवीन बनवतो ना."

"नको, जावईबापू. खरंच नको."

दोनदा नको म्हणाले. दोनदा. मी ऐकलं का? नाही. ते आणि मामी, म्हणजे सासूबाई, गावी लग्नाला गेले चार दिवस, तेवढ्यात मी टूलरूममध्ये नवीन प्लेट घासून घेतली, एकदम सपाट, आणि शेडची चावी सुजाताकडून घेऊन बसवून टाकली. वरून तसाच कॅनव्हास. मामांना एवढंच बोललो की कॅनव्हास नवीन लावलाय. प्लॅन असा होता की पहिलं पातं निघालं की मामा खूश होतील आणि मग मी सांगणार, बघा, म्हणत नव्हतो!

पहिलं पातं बिघडलं. मुठीजवळ खोल खड्डा, पुढे लाट. मामांनी ते बाजूला ठेवलं, चष्मा पुसला. दुसरं तसंच. तिसऱ्याला त्यांनी मोटर बंद केली आणि तळहात उघडून बघत बसले. मी समोर उभा. तेव्हा माझ्या डोक्यात पडला प्रकाश. इतकी वर्षं त्या खळग्यापुरता अंगठ्याचा जो थोडा जास्त जोर द्यावा लागायचा, तो त्यांच्या हातात मुरला होता. खळगा गेला, जोर राहिला. तोच जोर आता पात्याला खात होता.

"हात गेला माझा," मामा म्हणाले. साध्या आवाजात, चहा संपला म्हणावं तसं.

मामी म्हणाल्या, "डोळे दाखवून घ्या, मोतीबिंदू असंल." मामांनी मान हलवली. आणि मी... मनात म्हटलं, उद्या गुपचूप जुनी प्लेट बसवतो, प्रश्न मिटला. दोन रविवार ती पिशवीत घालून नेली. पण मामा शेडमध्येच बसलेले असायचे, बंद मशीनशेजारी, आणि मी आलो की उठून मला स्टूल द्यायचे. जावयाला स्टूल. त्या स्टूलावर बसून कसं सांगायचं, तुम्हीच सांगा. मच्छीवाल्या येऊन परत जायला लागल्या. "नाही गं बाई, आता होत नाही," हे वाक्य मामांच्या तोंडात बसलं. ज्या माणसानं टॉवेलावरून मला हसवलं, तो जेवताना ताटातसुद्धा हात जपून घालायला लागला.

शेवटची भेट जायच्या आधीच्या रविवारची. त्यांनी माझ्या हातात एक कोरं पातं दिलं. "तुम्ही घासा. मला बघू द्या."

मी घासलं. नव्या प्लेटवर, माझ्या नवख्या हातानं. चांगलं निघालं, अगदी सपाट. मामांनी ते उजेडात धरून कितीतरी वेळ फिरवलं आणि हसले, इतक्या दिवसांनी. "बघा, मशीनमध्ये काहीच दोष नाही. मला उगाच वाटायचं. दोष माझ्यातच होता." माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि लाज वाटते लिहायला, पण त्या क्षणी मला बरं वाटलं. त्यांनी माझ्या कामाला चांगलं म्हटलं म्हणून. पाचव्या दिवशी फोन आला.

मामांच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. काल मी मामींना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबला. मला वाटलं आता ओरडतील, रडतील. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे हात चांगला होता ह्यांचा?"

"हो मामी. शेवटपर्यंत."

"एवढं तरी सांगायचंत हो त्यांना." आणि परत तांदूळ निवडायला लागल्या. मला चहा नेहमीसारखा दिला.

संध्याकाळी मी शेडमध्ये जाऊन जुनी प्लेट परत बसवली. त्यांनी कापून ठेवलेलं एक पातं शिल्लक होतं, ते घासून बघितलं. बिघडलं. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा बिघडलं. मग प्लेट उतरवून इकडे बदलापूरला, माझ्या खरवईच्या खोलीवर आणली. आज कंपनीला दांडी मारली आणि उसन्या टाइपरायटरवर हे ठोकत बसलोय. प्लेट शेजारीच आहे, मधेमधे बोटं थांबली की अंगठा त्या खळग्यात ठेवतो. माझा अंगठा तिथे नीट बसत नाही, लहान पडतो...

तुमच्या हातून झालंय का कधी असं? कुणाचं तरी सुधारायला गेलात, आणि तो माणूस स्वतःलाच बिघडलेला समजून गेला? तुम्ही तरी वेळेत सांगितलंत का?